रा. अंबाजोगाई, ह. मु. डॅलस

"काय वो अप्पा, लेकराचं कार्ड आलं का?" हा प्रश्न मला अंबाजोगाईत बसस्टँडपासून योगेश्वरीच्या देवळापर्यंत कुठंही गाठतो. कार्ड म्हणजे माझ्या लेकीचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड, तिथं कायमचं राहायचा परवाना. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. त्याच्या हिशेबानं अर्ज द्यायचा, चार खेटे घालायचे, एखाद्या ओळखीच्या साहेबाला फोन लावायचा, की काम झालं. मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे कागद कुठं अडतो आणि का अडतो हे मला कळतं, असा गावात समज आहे. म्हणून "नाही अजून" एवढं म्हणून माझी सुटका होत नाही. "का नाही?" हे पुढं येतंच. आणि "कंपनीनं ऑफिस हलवलं म्हणून" हे खरं उत्तर दिलं तर कुणाला पटत नाही. कंपनी तीच, काम तेच, साहेबही तोच, मग ऑफिस हलल्यानं पोरीचा कागद कसा काय अडेल?

अडतो. कसा ते सांगतो.

आमच्याकडच्या हुशार लेकरांचा जो ठरलेला रस्ता, त्याच रस्त्यानं आमची लेक गेली. लातूरला बारावी, तेव्हाच्या औरंगाबादेत इंजिनिअरिंग आणि 2010 साली एमएस करायला अमेरिका. 2012 पासून एच वन बी, म्हणजे तिथं मुदतीपुरतं काम करायचा व्हिसा. न्यू जर्सीतल्या तिच्या कंपनीनं 2015 च्या मे महिन्यात ग्रीन कार्डाची पहिली पायरी दाखल केली. तिकडची आपली पोरं तिला नुसतं 'पर्म' म्हणतात.

लोकांचा पहिला गैरसमज इथंच होतो. नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या या कार्डासाठी माणूस अर्ज करत नाही, कंपनी करते. आणि कंपनीनं "ही बाई कामाला चांगली आहे, हिला राहू द्या" असं लिहून भागत नाही. या कामासाठी, या भागात, इथला चालू पगार द्यायची तयारी असूनही लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही, हे तिला कामगार खात्याला दाखवून द्यावं लागतं. आधी त्या भागातला पगाराचा दर खात्याकडून ठरवून घ्यायचा. मग दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार कार्यालयात तीस दिवस नोंद, आणखी तीन प्रकारे शोधाशोध, आणि शिवाय ऑफिसातच सलग दहा कामाचे दिवस नोटीस.

त्या नोटिशीचा फोटो लेकीनं मला पाठवला होता. कॉफीचं मशिन, त्याच्या बाजूला एक फळा. आग लागली तर कुठल्या जिन्यानं उतरायचं त्याचा नकाशा, त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा निरोप, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत पिनांनी टोचलेला एक पांढरा कागद. पदाचं नाव, कामाचं स्वरूप, पगाराचा आकडा, ऑफिसचा पूर्ण पत्ता. तळाशी, या अर्जाबद्दल कुणाला काही पुरावा द्यायचा असेल तर अमुक अधिकाऱ्याकडं पाठवावा. नाव कुणाचंच नाही, पण त्या मजल्यावर ते काम करणारी ही एकटी. ती रोज त्याच कागदासमोर उभी राहून कप भरायची. एकानं वाचून म्हटलं, "पगार बरा दिसतोय, करू का मी अर्ज?" चेष्टाच होती ती. हिनं मात्र ते रात्री फोन करून आईला सांगितलं.

आता त्या नोटिशीतला पत्ता बघा. सगळी गोम त्या एका ओळीत आहे. पगाराचा दर त्या भागाचा, जाहिराती त्या भागातल्या, ज्यांना विचारलं ते बेकारही त्याच भागातले. म्हणजे प्रमाणपत्र मिळतं ते त्या पदाला आणि त्या भागापुरतं. रोज जा-ये करता येणार नाही इतकी लांब नोकरी गेली, की ते प्रमाणपत्र तिथं लागू पडत नाही. न्यू जर्सीत माणूस मिळाला नाही, यावरून टेक्सासात मिळणार नाही असं कसं म्हणणार? सगळी नोकरी मी कागद तपासण्यात घालवली. मला यात खोट काढता येत नाही. नियम वेडा नाही.

वेडेपणा आहे तो वर्षांच्या हिशेबात. 1990 च्या कायद्यानं नोकरीच्या वाटेची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 ठरवून दिली. त्यात नवरा किंवा बायको आणि पोरंबाळंही मोजली जातात. वर अट अशी की कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना 7 टक्क्यांहून जास्त मिळायची नाहीत. हे 7 टक्के भारताला तेवढेच आणि आइसलँडला तेवढेच. दुसऱ्या देशाची कार्डं उरली तरच आपल्या माणसाला चार जास्तीची. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. अर्जाची तारीख त्यातल्या तारखेच्या आधीची असेल तर तुमचा नंबर आला. पदाला किती शिक्षण लागतं त्यावरून या अर्जांचे वर्ग पाडलेले असतात. लेकीच्या वर्गात भारतीयांसाठीची ती तारीख 2025 सालीही 2013 मध्येच रेंगाळत होती. कधी महिना पुढं, कधी तिथंच, कधी चक्क मागं. पर्मचा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन-तीन वर्षांची वाट असावी. तेवढा काळ कंपनी एका जागी टिकते. दहा-पंधरा वर्षांत मात्र कंपनी विकली जाते, भाडं परवडेनासं होतं, कोविड येतो, आणि 2022 मध्ये एका सोमवारी मेल येतो की आपण सगळे डॅलसला चाललो आहोत.

त्या मेलात नव्या इमारतीतल्या जिमचं कौतुक होतं. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या लोकांचं काय, याबद्दल एक ओळ नव्हती. ते विचारायला लेकीला एचआरकडं जावं लागलं, आणि एचआरनं वकिलाकडं बोट दाखवलं.

वकिलानं जे सांगितलं ते मी तिच्याकडून दोन-तीनदा समजावून घेतलं. पर्ममधली नोकरी ही आज करत असलेली नोकरी नसते, कार्ड हातात आल्यावर द्यायची नोकरी असते. न्यू जर्सीचं ऑफिस चालू राहिलं असतं, तर ही मधली वर्षं डॅलसला काढून कार्डाच्या वेळी परत तिकडं रुजू झाली असती तरी कायद्याला चाललं असतं, मात्र कंपनीचा आणि तिचा, दोघांचाही इरादा खरा हवा. पण ते ऑफिस बंदच झालं. तेव्हा पर्म नव्यानं. पगाराचा दर नव्यानं, जाहिराती नव्यानं, नोटीस नव्यानं, आणि पर्म मंजूर झाल्यावर त्याच्या पुढची आय-वन-फोर्टी ही पायरीही नव्यानं.

"म्हंजी पुन्ना पहिल्यापासून?" तिच्या आईनं विचारलं.

पहिल्यापासून, पण एक गोष्ट सोडून. तारीख जात नाही. पहिली आय-वन-फोर्टी मंजूर झालेली असल्यामुळे मे 2015 ही तारीख नव्या अर्जालाही लागते. रांगेतला नंबर शाबूत, रांगेत उभं राहायचा परवाना तेवढा नवा काढायचा. एच वन बीची मुदत खरं तर सहा वर्षांची. तीही याच मंजुरीच्या जोरावर तीन-तीन वर्षांनी वाढत राहते. म्हणजे उद्याच्या उद्या कुणी घराबाहेर काढत नाही. हे ऐकून मला हायसं वाटलं, लेकीला नाही. तिचं म्हणणं, अप्पा, तुम्हाला नंबर दिसतोय, मला पुन्हा ती नोटीस दिसतेय.

आणि तिचं खरं होतं. वकील म्हणाला होता की तारीख इतकी लांब आहे, तर नव्या पर्मची घाई नाही. कंपनीला तेच हवं होतं. पर्मचा खर्च, वकिलासकट, कंपनीनंच करायचा असतो, कामगाराकडून घेता येत नाही. त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" सुरू झालं. त्याच वेळी तिकडं नोकरकपातीची लाट आली. कंपनीनं त्याच भागात त्याच प्रकारच्या कामावरची माणसं मागच्या सहा महिन्यांत काढली असतील, तर आधी त्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. मोठमोठ्या कंपन्यांनी तेव्हा पर्म करणंच थांबवलं. हिच्या कंपनीचा अर्ज कसाबसा 2023 च्या अखेरीस गेला, आणि नुसत्या तपासणीला वर्षाच्या वर लागलं. 2025 मध्ये मंजुरी आली. एच वन बीचा सुधारित अर्ज मात्र हलायच्या आधीच करावा लागला होता. 2015 च्या एका निकालापासून तो नियम पक्का आहे, शहर बदललं की अर्ज सुधारा. तो अर्ज अडकलेला असताना वकिलानं प्रवास नको म्हटलं, म्हणून मार्गशीर्षातल्या योगेश्वरीच्या नवरात्राला यायचं राहिलं.

आता तिच्या मैत्रिणीचं ऐका. दोघी एकाच कॉलेजच्या, कंपन्याही शेजारशेजारच्या. मैत्रिणीची तारीख नोव्हेंबर 2014 ची. 2020 च्या ऑक्टोबरात बुलेटिनमध्ये भारतीयांच्या तिसऱ्या वर्गाची नुसता शेवटचा अर्ज भरून ठेवायची तारीख (कार्ड मिळायची तारीख वेगळी असते) एकदम 1 जानेवारी 2015 वर आली. कोविडमुळे घरच्यांसाठीची पुष्कळ कार्डं वाटायची राहिली होती, ती नोकरीवाल्यांच्या हिश्शात आली. दुसऱ्या वर्गातल्या हजारो लोकांनी स्वतःहून तिसऱ्या वर्गात उतरून शेवटचा अर्ज, फोर-एटी-फाइव्ह, भरून टाकला. मैत्रिणीनंही भरला. हा अर्ज पडून 180 दिवस झाले की 2000 सालच्या एका कायद्यानं माणूस मोकळा होतो. काम त्याच प्रकारचं असलं म्हणजे झालं. मग कंपनी बदला, गाव बदला, कुणी विचारत नाही. मैत्रीण सिअ‍ॅटलला गेली, तिथून फिनिक्सला गेली, तिचा एक कागदही हलला नाही. आमची तारीख त्या रेघेच्या काही महिने पलीकडं पडली.

आमची योगेश्वरी म्हणे परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली होती. वऱ्हाड वाटेत रेंगाळलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाची दगडं झाली आणि देवी इथंच राहिली, अशी आख्यायिका आहे. हे मी लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तिचं बरं अप्पा, तिला राहायला कुणाचं ऑफर लेटर लागलं नाही."

जन्मस्थळाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. रांग ठरते ती जन्म कुठल्या देशात झाला यावर, पासपोर्ट कुठला आहे यावर नाही. तिच्या ऑफिसात परभणीचा एक मुलगा आहे. त्याच्या बायकोचा जन्म मस्कतचा, कारण तिचे वडील तेव्हा तिथं नोकरीला होते. तिसऱ्या वर्षी ती परभणीला परत आली, इथंच शिकली, इथंच वाढली. पण कायद्यात सोय आहे की नवरा-बायकोपैकी एकाच्या जन्मदेशाची रांग दुसऱ्याला धरता येते. ते जोडपं ओमानच्या रांगेत उभं राहिलं. तिथं रांगच नव्हती. त्यांचं कार्ड येऊन जुनं झालं.

म्हणजे कायद्याला दोनच जागा दिसतात. जिथं जन्मलात ती, जी बदलता येत नाही, आणि जिथं नोकरी आहे ती, जी बदलून चालत नाही. मधे जिथं माणूस राहतो, घरपट्टी भरतो, पोराला शाळेत घालतो, ती तिसरी जागा कुणी विचारतच नाही. मला खटकतं ते एवढंच. आणि ते खटकतं याला कारण आमच्या घरातला एक जुना कागद आहे.

माझे आजोबा बार्शीचे. बार्शी इंग्रजी मुलुखात, आणि अंबाजोगाई, तेव्हाचं मोमिनाबाद, निजामाच्या राज्यात. आज एसटीनं अर्धा दिवस लागत नाही, तेव्हा परदेश होता. ते एका व्यापाऱ्याकडं दिवाणजी म्हणून आले आणि पुढं त्यांना कचेरीत चिकटायचं होतं. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी मुल्की माणसालाच. मुल्की म्हणजे जन्मानं तिथला, नाहीतर पंधरा वर्षं तिथं राहिलेला. आणि नुसतं राहून भागायचं नाही. मागच्या गावी परत जायचा विचार मी सोडला आहे, असं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढं करून द्यावं लागे. आजोबांनी ते करून दिलं. कागद उर्दूत आहे. वडिलांना उर्दू येत होतं, ते कधीमधी ट्रंकेतून काढून वाचून दाखवायचे. "परत जायचा विचार" इथं आले की आजी उठून आत जायची. तिचं माहेरही बार्शीचंच.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमच्यापुरता तो कागद निकामी झाला. सध्या मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या कागदांना पुन्हा भाव आला आहे, ट्रंका उघडल्या जात आहेत. आमचा कागद त्या कामाचा नाही. पण त्यातली पंधरा वर्षं माझ्या ओळखीची आहेत. महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रालाही पंधरा वर्षांचं वास्तव्यच लागतं, आणि अशी प्रकरणं मी ढिगानं हाताखालून घातली. वीजबिल, शाळेचा दाखला, घराचा उतारा. माणूस इथं राहिला हे दिसलं की सही. निजाम काही लोकशाहीवादी नव्हता, मुल्कीच्या नियमानं लोकांना छळलंही पुष्कळ, पण त्याच्या कायद्यात राहण्याला किंमत होती. लेकीला अमेरिकेत जाऊन 2025 मध्ये पंधरा वर्षं झाली. नोकरीच्या वाटेवर या पंधरा वर्षांचं वजन शून्य.

शपथांची गंमत बघा. आजोबांना परत जाणार नाही असं लिहून द्यावं लागलं. आम्ही नवरा-बायको लेकीकडं जायला मुंबईच्या वकिलातीत गेलो, तेव्हा उलटं. तिथला कायदा प्रत्येक पाहुण्याला कायमचा राहायला आलेला धरून चालतो, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी पाहुण्याची. आम्ही सातबारा, पेन्शनचा आदेश, घराचे कागद, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन गेलो. खिडकीतल्या पोरीनं काही उघडलंही नाही, दोन प्रश्न विचारले आणि हो म्हणाली. आणि लेकीचा एच वन बी? त्यात कायद्यानंच दोन्ही इरादे एकत्र ठेवायची मुभा आहे. परत जायचंय म्हणा, राहायचंय म्हणा, व्हिसा चालतो. ती तशीच राहते. सोफा घेताना "हलवायला हलका पाहिजे" म्हणते आणि अंगणात लिंबाचं झाड लावते.

माझा एक पुतण्या केजला मास्तर आहे. त्याच्या शाळेतली निम्मी लेकरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. तो म्हणतो, "अप्पा, ही तर उचलच झाली की. मुकादम म्हणेल त्या कारखान्यावर जायाचं." मला हे पटत नाही आणि मी ते त्याला स्पष्ट सांगतो. पहाटे चारला कोयता घेऊन निघणाऱ्या, फिटता न फिटणाऱ्या पैशात अडकलेल्या बाईशी एका भरल्या पगाराच्या इंजिनिअरची तुलना करू नये. लेक उद्या राजीनामा देऊन घरी येऊ शकते, तिच्या अंगावर कुणाचं देणं नाही. पण तो म्हणतो त्यात एक कण खरा आहे, तो बढतीचा. पर्म पदाचं असतं. इंजिनिअरची मॅनेजर झाली, काम बरंच बदललं, तर पुन्हा नवं पर्म. जुन्या ऑफिसात दोनदा तिला मोठी जागा देऊ केली, दोन्ही वेळा ती "सध्या नको" म्हणाली. जिला तिनं काम शिकवलं ती आता तिची साहेब आहे. गाव बदलल्याचा त्रास लोकांना कळतो, सहानुभूती मिळते. हे न हललेल्या खुर्चीचं नुकसान कुठल्याच फॉर्मवर येत नाही.

माझं मत विचाराल तर, जी मोकळीक शेवटचा अर्ज भरल्यावर 180 दिवसांनी मिळते, तीच आय-वन-फोर्टी मंजूर झाल्यावर तेवढ्याच दिवसांनी द्यावी. बाजाराची चाचणी झालेली असते, सरकारनं शिक्का मारलेला असतो. पुढचा उशीर हा कोट्याचा आहे, कामगाराचा नाही. कायदा न बदलता हे होणार नाही, आणि देशनिहाय मर्यादा काढायची विधेयकं तिकडं येतात आणि विरून जातात. त्यामुळे त्यावर मी फार बोलत नाही.

मागच्या वर्षी त्यांनी घर घ्यायचं ठरवलं. जावई शाळा बघत होते, लेक नकाशा बघत होती. नेहमीच्या जा-येचं अंतर किती मैलांचं, हे कायद्यात आकड्यानं लिहिलेलं नाही, पण एकाच महानगर क्षेत्रातल्या जागा त्यात धरल्या जातात. डॅलस-फोर्ट वर्थच्या क्षेत्रात कुठल्या कुठल्या काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, येतात त्याची यादी तिनं काढली आणि ऑफिस त्यातल्या कुठल्याही टोकाला सरकलं तरी जाता येईल असं, कॉलिन काउंटीतलं एक घर पसंत केलं. जावई म्हणाले, "आधी शाळा बघतात, मग किचन बघतात, ही काउंटी बघते."

दिवाळीत तिचा फोन आला. ऑफिस फोर्ट वर्थच्या बाजूला न्यायचं चाललंय. चाळीसेक मैल. तिनं वकिलाला मेल टाकला होता, तासाभरात उत्तर आलं. क्षेत्र तेच आहे, पर्मला धक्का नाही, एच वन बीचा अर्जही नको. हलायच्या आधी नव्या इमारतीत दोन ठिकाणी एक नोटीस लावावी लागेल, तेवढंच.

"कुठं लावणार गं?" मी विचारलं.

"कॉफीपाशीच असेल," ती म्हणाली. "नाहीतर कुठं?"